झाकण घट्ट लावा

प्रेसच्या खिडकीतून एक हात बाहेर लोंबत होता. मनगटात पातळ सोन्याची पाटली आणि दोन हिरव्या काचेच्या बांगड्या. बांगड्या शाबूत होत्या. कोपराच्या वर मात्र हात म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं.

सहायक पोलीस निरीक्षक चेतना शेजवळनं अकरा वर्षांच्या नोकरीत नाही नाही ते पाहिलं होतं. तरी तिनं एकदा मान फिरवली आणि मगच परत पाहिलं. आपण नाही बघायचं तर कोणी बघायचं?

जागा मागाठाण्याच्या औद्योगिक गल्लीतली. ‘सोज्वळ’ कंपनीचं गोदाम. भांडी घासायचं, लादी पुसायचं ते हिरव्या पानाचं सोज्वळ हो! बोरिवलीत त्या लिक्विडची झाकणवाली पिशवी नाही असं घर शोधून दाखवा. पिशवी रिकामी झाली की कंपनी ती परत घेते आणि त्यातून बागेतले बाक बनवते, अशी तिची ख्याती. त्या पिशव्या इथे येतात आणि प्रेसमध्ये दाबून त्यांचे गठ्ठे होतात. प्रेस म्हणजे कपाटासारखं उभं लोखंडी यंत्र. छातीच्या उंचीवर माल टाकायची खिडकी, आणि वरून खाली उतरणारा जाड पाट.

पाट अर्ध्यात थांबला होता. त्याच्याखाली, पिशव्यांच्या ढिगात, मधुवंती आगाशे होत्या. वय बासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार शरयू सोसायटी, बोरिवली पूर्व. डोक्यात पहारीचे तीन घाव. कवटी मागून पार फुटलेली.

“काल दुपारी दोन ते चारच्या मध्ये,” डॉक्टर म्हणाले. “दाबलंय ते मेल्यानंतर. तेवढं एक देवानं बरं केलं.”

“देवाला कशाला मध्ये आणता?” चेतना म्हणाली.

तिनं गोदामभर नजर फिरवली. जमीन झाडलेली. पोती ओळीनं बांधलेली, प्रत्येकाला चिठ्ठी. एवढ्या टापटिपीत प्रेसच्या चहूबाजूंना मात्र हिरवी झाकणं विखुरलेली, आणि छतावरची एक ट्यूब फुटलेली. आठ पावलांवर, दाराजवळ, जिथे रक्ताचा एक थेंब नव्हता, तिथे एक झाकण पडलं होतं. त्याच्या कडेला रक्त होतं.

“हे वेगळं बांधा,” ती म्हणाली.

हवालदार राजाराम तावडे मूळचा मालवणचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. “एवढ्या रगतात एका झाकणाचा काय घेऊन बसलात मॅडम?” असं पुटपुटत त्यानं ते पाकिटात घातलं.

गोदामाचा सुपरवायझर केतन राऊळ भिंतीला टेकून उभा होता. ओकून ओकून त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“काल इथे कोण होतं?”

“कोणीच नाही मॅडम. मंगळवारी आमची सुट्टी. मी बहिणीकडे चेंबूरला, भाचीच्या बारशाला. पन्नास माणसं सांगतील.”

“किल्ल्या किती?”

“तीन. एक माझ्याकडे, एक प्रितमकडे. तो प्रेस चालवतो. तिसरी अंधेरीच्या ऑफिसात असते.”

“पाट मध्येच कसा थांबला?”

“हिरवं बटण दाबून धरावं लागतं. हात काढला की थांबतो.”

“म्हणजे चालवणाऱ्यानं मध्येच हात काढला. का?”

“तेच कळत नाही.”

“हे गठ्ठे बाक बनवायला कुठे जातात?”

केतननं खाली बघितलं.

“राऊळ, बाई मेलीये.”

“सिमेंटच्या भट्टीत जातात,” तो कसाबसा म्हणाला. “जळण म्हणून. पहिल्यापासून. गठ्ठा तिथे कोणी सोडून बघत नाही, तसाच आत ढकलतात.”

तावडेनं कपाळाला हात लावला. “रे देवा महाराजा! म्हणजे बाईची राखसुद्धा गावली नसती.”

तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला.

प्रितम उबाळे, वय चोवीस. सकाळी केतननं आपल्या किल्लीनं शटर उघडलं, तेव्हा तो सोबत होता. हात दिसताच तो खिडकीतून आत घुसला, बाईंना ओढायला. त्यामुळे छातीपर्यंत रक्तानं माखलेला. पोलिसांनी त्याला जबाबासाठी बाहेर बसवलं होतं, आणि शरयू सोसायटीची आठ माणसं नेमकी तेव्हाच येऊन पोचली होती. चांगली शिकलेली, चष्मेवाली, सकाळी बागेत हास्यक्लब करणारी माणसं. त्यांच्या हातात सोसायटीच्या गेटचे बांबू होते.

चेतना धावत बाहेर आली तेव्हा प्रितम जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. एकजण त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. दुसऱ्यानं टाच त्याच्या उजव्या हातावर ठेवून पिळली, आणि बोटं मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. सर्वांत पुढे पांढऱ्या केसांचा एक म्हातारा होता. तो रडत होता आणि मारत होता. त्याच्या बांबूचं टोक प्रितमच्या डाव्या डोळ्यात गेलं.

चेतनानं म्हाताऱ्याला मागून कव घालून उचललं आणि बाजूला फेकलं. तावडेची काठी फिरली. दोन मिनिटांत गल्ली रिकामी झाली.

तो म्हातारा म्हणजे श्यामकांत आगाशे, मधुवंतीबाईंचे यजमान.

दुपारी बाराला मोठ्या साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. “आरोपी मिळालाय ना? अंगावर रक्त, स्वतःची किल्ली गायब, काल दुपारी अडीचला गल्लीत पानवाल्यानं पाहिलेला. यंत्र चालवणारा तोच. उद्या अकराला बोरिवली कोर्टात कागद गेले पाहिजेत.”

“साहेब, एवढं करून तो सकाळी कामावर येईल? आणि जो रोज प्रेस चालवतो, तो काम अर्धं टाकून जाईल?”

“शेजवळ, तो तुमच्यातला आहे म्हणून जरा...”

“जरा काय, साहेब?”

साहेबांनी पेपरवेट फिरवला. “उद्या अकरा,” ते म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. चेतनाच्या हातात तेवीस तास होते. एकदा प्रितमच्या नावावर खून चढला की त्याच्यासाठी वकील उभा करायला कोण होतं? आई. आणि आई त्याच गोदामात रोजंदारीवर.

शरयू सोसायटीत बायका जिन्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या. मधुवंतीबाईंनीच चारशे घरांना सोज्वळ घ्यायला लावलं होतं. पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, गोळा करायच्या, सगळं त्यांच्या हुकमाखाली. बागेत नवा कोरा बाक होता. त्यावर पाटी: ‘शरयूच्या भगिनींनी संक्रांतीला दिलेल्या पिशव्यांपासून.’

आत श्यामकांतांच्या शेजारी खादीच्या झब्ब्यातला एक उंच माणूस त्यांचा हात हातात धरून बसला होता. हा देवव्रत काणे, सोज्वळचा मालक. त्याला न ओळखणारं कोण? जाहिरातीत तो हसत हसत प्रेसचं हिरवं बटण दाबतो आणि तारेनं बांधलेला चकचकीत गठ्ठा बाहेर येतो. पोरंसुद्धा नक्कल करतात. आज त्याच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टी होती.

“माझीच चूक,” तो भरल्या आवाजात म्हणाला. “ज्यांच्या हाती विश्वासानं किल्ल्या दिल्या, त्यांनीच घात केला.”

सकाळी साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर त्यानं हेच्या हेच वाक्य टाकलं होतं; जिन्यातल्या बायकांनी चेतनाला ते दाखवलं होतं. दहाला बांबू निघाले होते. चेतनानं ते लक्षात ठेवलं.

“तुम्ही गोदामात शेवटचे कधी गेलात?”

“खरं सांगू? जाहिरातीच्या वेळी गेलो तेवढाच. दोन वर्षं झाली. ते सगळं केतन बघतो.”

“बाईंशी शेवटचं बोलणं?”

“संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. इथेच, याच खोलीत.”

“कपाळाला काय झालं?”

“घरच्या कैऱ्या उतरवत होतो. फांदीनं प्रसाद दिला.” तो खिन्न हसला.

चेतना स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली धुतलेल्या पिशव्या चिमट्यांनी दोरीला टांगल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी लाल नेलपॉलिशचे पाच ठिपके.

“हे काय, काका?”

श्यामकांत दाराशी आले. “हळदीकुंकवाला सगळ्यांची भांडी एकत्र होतात ना. कोणाचं पातेलं कोणाकडे जायला नको, म्हणून ती ठिपका देते. पिशव्यांना का दिला, देव जाणे. संक्रांतीच्या पिशव्यांना एक दिला, मग दर महिन्याला एक वाढवत गेली. मी थट्टा केली तर म्हणाली, ‘मास्तरीण आहे मी. गृहपाठ तपासल्याशिवाय राहवत नाही.’” ते एकाएकी खाली बसले. “ती तिथे कशाला गेली हो? कोणाचं काय वाकडं केलं होतं तिनं?”

चेतनाला सकाळची प्रेस आठवली. बाईंच्या अंगावरच्या पिशव्यांवर असाच ठिपका होता, एकेकच. संक्रांतीच्या पिशव्यांचा बाक बागेत होता आणि संक्रांतीच्या पिशव्या मे महिन्यात गोदामात.

तेवढ्यात तावडे बाईंच्या फोनची यादी घेऊन आला. फोन सापडलाच नव्हता, पण कंपनीकडून नोंदी आल्या होत्या. “काल अकरा चाळीसला प्रितमला एक मिनिट. एक वीसला सोज्वळच्या कस्टमर केअरला अकरा मिनिटां. बस. काय तरी तक्रार असतली.”

पालिकेच्या रुग्णालयात प्रितमचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डावा बेडीनं खाटेला बांधलेला. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. बाहेर बाकावर त्याची आई कमल बसली होती. चेतनाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ती उठली आणि हळूच म्हणाली, “जय भीम, मॅडम.”

“जय भीम. बसा ताई.”

“माझ्या लेकरानं नाही केलं. त्या बाई गोदामात आल्या की माझ्याशेजारी पोत्यावर बसायच्या. माझी बोटं बघून रडल्या होत्या.” तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर कातडं राहिलं नव्हतं. “दिवसभर झाकणं पिरगाळायची. झाकण कडक, पिशवी नरम, दोन्हीची पोती निराळी. रात्री भाकरी थापता येत नाही. बाई म्हणाल्या, कमल, मला वाटायचं मी पिशवी धुतली की काम झालं.”

आत चेतनानं खुर्ची ओढली. “प्रितम, काल तू गल्लीत होतास. सकाळी ‘घरीच होतो’ असं खोटं का सांगितलंस?”

“घाबरलो, मॅडम.”

“आता खरं सांग. माझ्याकडे उद्या अकरापर्यंतच वेळ आहे.”

त्याचे ओठ सुजले होते. शब्द ठेचकाळत बाहेर आले. “बाईंचा फोन आला. म्हणाल्या, मागच्या अंगणातला जुना माल दाखव. मी अडीचला शटर उघडून दिलं. ठिपक्यांच्या पिशव्या त्यांनी एकेक करून बघितल्या. मग म्हणाल्या, किल्ली मला दे आणि तू जा. तुझं नाव यात यायला नको, नोकरी जाईल.”

“आणखी काही?”

“म्हणाल्या, मी योग्य माणसाला बोलावलंय, तो आला की सगळं सरळ होईल.”

“कोणाला?”

“नाव नाही घेतलं.” त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. “मी जायला नको होतं मॅडम.”

गुरुवारी सकाळी सहाला चेतना ओट्यापाशी उभी होती. झोप नव्हतीच. चहाचं भांडं घासायला तिनं पिशवी पिळली, शेवटचे चार थेंब आले. हो, तिच्याही घरात सोज्वळच! हिरवं पान बघून घेतलं होतं, आणि दर वेळी घेताना बरं वाटायचं.

सवयीनं तिनं पिशवी धुतली आणि पहिल्यांदाच मागचा मजकूर वाचला. ‘धुवा. वाळवा. झाकण घट्ट लावा. परत करा.’ त्याखाली कस्टमर केअरचा नंबर, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: ‘दर मंगळवारी देवव्रत स्वतः तुमच्याशी बोलतात.’

तिनं झाकण घट्ट लावलं. पिशवीत हवा राहिली होती. तिनं ती ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबली.

फटाक! झाकण तिच्या कानाजवळून गेलं आणि फडताळाच्या काचेवर आपटलं. काचेला तडा गेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चेतनानं तसाच फोन उचलला. “तावडे, केतनला गोदामात आणा. आत्ता.”

आठ वाजता ती प्रेसच्या खिडकीपाशी उभी होती. केतनला तिनं काहीच सांगितलं नाही. झाकण लावलेल्या दहा-बारा पिशव्या खिडकीतून आत टाकल्या आणि बटणाकडे हात नेला.

“अहो मॅडम!” केतननं झेप घेऊन तिचा हात ओढला. “झाकणं! डोळा जाईल ना!”

“का?”

“हवा दाबली की झाकण गोळीसारखं सुटतं. पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही पोरांना. बायका दिवसभर तेच तर काम करतात. झाकण काढल्याशिवाय पिशवी प्रेसला जातच नाही.”

“मग पिशवीवर ‘झाकण घट्ट लावा’ कशाला?”

“तीनदा लिहून कळवलं वरती. उत्तर आलं, झाकण लावलेली पिशवी फोटोत चांगली दिसते.” केतन कडवटपणे म्हणाला. “ज्यानं छापलं त्यानं एक पिशवी कधी दाबली असेल तर शपथ.”

“दाबली, राऊळ,” चेतना म्हणाली. “परवा दुपारी.”

साडेनऊला सगळे गोदामात होते. मोठे साहेब घड्याळ बघत उभे, शेजारी कालचे डॉक्टर. श्यामकांत सोसायटीच्या दोघांचा आधार घेऊन आले होते. केतनला तोंड बंद ठेवायची ताकीद होती. देवव्रत काणे शेवटी आला, घाईत असल्यासारखा.

“थोडक्यात आटोपू या,” चेतना म्हणाली. “काणेसाहेब, पिशव्या प्रेसमध्ये झाकणासकट घालतात का?”

“अर्थात. आम्ही पिशवीवर तसंच छापतो.”

“काही धोका?”

“छे! लहान मूलसुद्धा चालवेल.”

तिनं पिशव्यांचा ढीग खिडकीतून आत सोडला. एकूण एक झाकण घट्ट लावलेलं. “मग जरा जाहिरातीसारखं बटण दाबून दाखवा. सोज्वळचे मालक तुम्ही. तुमच्याशिवाय कोण दाखवणार?”

देवव्रत पुढे आला. खिडकीसमोर उभं राहायची जागा होती, ती त्यानं टाळली. यंत्राच्या बाजूला सरकून त्यानं उजवा हात लांबच लांब ताणला. डावा हात आपोआप वर गेला आणि कोपरानं डोळे झाकले. मान पार मागे वळवून, डोळे मिटून, त्यानं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

“डोळे उघडा,” चेतना म्हणाली. “मेन स्विच बंद आहे. लहान मूल चालवेल अशा यंत्राला तुम्ही एवढे का भ्यालात?”

खाई त्याला खवखवे.

“मीच सांगते. मधुवंतीबाईंना बाकाची शंका आली, म्हणून त्यांनी पिशव्यांवर ठिपके दिले. संक्रांतीच्या पिशव्या परवा त्यांना मागच्या अंगणात दिसल्या. पण त्यांची एक चूक झाली. त्यांना वाटलं, गोदामातलं कोणीतरी तुम्हाला फसवतंय. एवढा सज्जन माणूस, त्याच्या नावावर कोणी पाप करतंय! म्हणून प्रत्यक्ष माल बघायच्या आधीच त्यांनी तुम्हाला फोन केला. मंगळवार होता. पिशवीवर छापल्याप्रमाणे फोन तुम्ही स्वतः घेतलात. अकरा मिनिटं बोललात. आणि मला सांगितलंत, संक्रांतीनंतर बोलणं नाही.”

“कॉल सेंटरला रोज दोनशे फोन येतात,” देवव्रत म्हणाला. आवाज अजून मऊच होता.

“खरं कळलं की बाई चारशे घरांना सांगितल्याशिवाय राहणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ऑफिसातली तिसरी किल्ली घेऊन आलात. त्या पाठमोऱ्या होत्या, तुम्हालाच पिशव्या दाखवत होत्या. मागून पहार घातलीत. एकदा नाही, तीनदा. गठ्ठे भट्टीत जातात हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच पाठवत होतात ना. बाई जळून गेल्या असत्या, विषय संपला असता. पण प्रेस चालवायची कशी, ते तुम्हाला जाहिरातीपुरतंच ठाऊक. जाहिरातीत बटण दाबलं की बांधलेला गठ्ठा बाहेर येतो! इथला साधा कामगार झाकण काढल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही. तुम्ही तुमचीच सूचना पाळलीत. झाकणं फुटायला लागली. ट्यूब फुटली. एक झाकण तुमच्या भुवईवर बसलं, उडून दाराशी पडलं. तुमचा हात बटणावरून सुटला, पाट थांबला, आणि बाईंचा फोन नि प्रितमची किल्ली उचलून, शटर लावून तुम्ही जीव घेऊन पळालात. सकाळी पोरावर बालंट येईल असं एक वाक्य ग्रुपवर टाकलंत.”

तिनं तावडेला खूण केली. तावडेनं पाकिटातलं झाकण वर धरलं.

“यावरचं रक्त ओ गटाचं आहे. बाईंचा गट बी. प्रितमचाही बी, काल रुग्णालयातच तपासला. पट्टी काढता, की डॉक्टरांना काढायला सांगू?”

देवव्रतनं हात वर नेला नाही. डॉक्टरांनी पट्टी ओढली. भुवईवर गोल जखम होती. फांदीनं ओरखडा पडतो, गोल नाही. जखमेच्या कडेला बारीक बारीक दात्यांच्या खुणा, झाकणाला पकडीसाठी असतात तशा. डॉक्टरांनी झाकण जवळ धरलं. कड कडेवर बसली.

“तुम्ही समजता तसं नाही,” देवव्रत एकदम बोलायला लागला, आणि आता तो मऊपणा कुठल्या कुठे गेला. “मी कोणाला फसवलं? लोकांना खरं नको असतं! पिशवी धुवून परत दिली की त्यांना बरं वाटतं, ते बरं वाटणं मी विकत होतो. चार वर्षांत चारशे घरांतून एकानं तरी विचारलं, बाक कुठे बनतो? एकानं? ती म्हातारी मध्ये आली नसती तर...”

श्यामकांत सुटले. वय सत्तर, पण त्यांनी देवव्रतचा गळा असा धरला की सोडवायला तिघं लागले. “तिनं तुझी आरती ओवाळली होती रे, हरामखोरा! आमच्या घरात!”

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं. “शेजवळ, कागद बदला,” ते म्हणाले. चेतनाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

अकराला बोरिवली कोर्टात देवव्रत काणे उभा होता, आणि रुग्णालयात तावडे प्रितमची बेडी काढत होता. किल्ली फिरल्याचा आवाज आला तशी कमल तोंडात पदर कोंबून रडायला लागली. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, डोळा वाचणार नाही. हाताची तीन बोटं वळतील की नाही, तेही सांगता येत नव्हतं.

दारात श्यामकांत येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकायचं धाडस होईना.

प्रितमनं एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघितलं. चेतनाला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात, चांगल्या पोटभर द्याव्यात.

“काका,” तो म्हणाला, “माफ करा. दार मीच उघडून दिलं. बाई जा म्हणाल्या आणि मी गेलो. थांबलो असतो तर...”

म्हाताऱ्याचा चेहरा पिळवटला. ते खाटेचा कठडा धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. कमल उठली नाही, त्यांना हात लावला नाही. “रडू नका म्हणणार नाही मी,” ती म्हणाली. “माझ्या लेकराला काल कोणी विचारलं असतं, खरंच तूच का रे, तर त्याचा डोळा राहिला असता. एवढंच विचारायचं होतं.”

चेतनाच्या पिशवीत कालपासून एक कोरा कागद होता. गल्लीतल्या मारहाणीची फिर्याद. आठ माणसं. साहेब म्हणाले होते, दुःखाच्या भरात झालंय, सोडून द्या. तिनं कागद मांडीवर घेतला.

“आगाशेकाका, मला आठही नावं लागतील.”

श्यामकांतांनी चष्मा काढून डोळे पुसले. हातातल्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये हात जोडलेली चित्रं येत होती. झालं ते वाईट झालं, आम्हाला काय माहीत, आम्ही तर त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी फोन उलटा ठेवला.

“लिहा,” ते म्हणाले. “पहिलं नाव माझं लिहा. बांबू डोळ्यात माझा गेला.”

तावडेनं खिशातलं पेन काढून दिलं. चेतना लिहायला लागली.